लिडिया बोवेनचं माहेर

बाई कॉम्प्युटरच्या पडद्याला फूटपट्टी लावून वाचायच्या. लाकडी, शाळकरी पट्टी, कडेचे आकडे झिजून गेलेली. डाव्या हातानं ती काचेवर आडवी धरायची, उजव्या हाताच्या दोन बोटांनी टाइप करायचं, आणि एक ओळ झाली की पट्टी किंचित खाली सरकवायची. आमचे मॅनेजरसाहेब एकदा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, काचेला चरे पडतील."

बाईंनी मानही वळवली नाही. "काचेला पडले तर काच बदलता येईल साहेब. ओळ चुकली तर माणूस बदलतो."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऑफिसात सगळ्यांत वयस्क, सगळ्यांत कमी पदावरची, आणि तरी जिच्या टेबलाजवळून जाताना आपण उगाच शर्ट नीट करतो अशी एखादी बाई. आमच्या बाई तशा होत्या. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. हे मी खूप आधी लिहायला हवं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नगर रोडला काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, आणि त्यांतल्याच एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. काम जरा विचित्रच. अमेरिकेतली जुनी कागदपत्रं सीडीवर चढवून आमच्याकडे यायची. खानेसुमारीची पानं, चर्चमधल्या दफनाच्या वह्या, जमिनीच्या फाइली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी टाकानं लिहिलेल्या ओळी आम्ही पुण्यात बसून टाइप करायचो, आणि त्यांवरून तिकडच्या लोकांना त्यांच्या घराण्याच्या वंशावळी जुळवून द्यायचो. मी इतिहासाचा एम. ए. प्राध्यापकी मिळाली नाही म्हणून इकडे आलेला. तपासणीच्या टेबलावर मी होतो. प्रत्येक वंशावळ माझ्या सहीनं बाहेर जायची.

बाई आल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत वीसेक वर्षं काढून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मुलाखतीत मी त्यांना मुद्दाम एक पान दिलं. आमच्यापैकी कुणालाच ते लागलं नव्हतं. बाईंनी चष्मा पुसला आणि दहा मिनिटांत सगळं वाचून दाखवलं.

"तुम्हाला कसं लागलं?" मी विचारलं.

"वीस वर्षं डॉक्टरांनी लिहिलेली मरणाची कारणं वाचलीत. त्यापुढे हे म्हणजे मोत्याचे दाणे."

"राहता कुठे?"

"येरवड्याला."

"म्हणजे जेलजवळ?"

"जेलच्या बाहेर," बाई म्हणाल्या.

पोरं त्यांना पहिल्याच आठवड्यात मावशी म्हणू लागली. बाईंनी एकाला जवळ बोलावलं. "मावशी म्हणायचं तर आधी झाडू आणून दे. तोपर्यंत बाई म्हण." तेव्हापासून त्या बाई झाल्या. मॅनेजरसाहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या.

त्यांची एक सवय मला छळायची. पक्कं कळलं नाही की त्या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहून मोकळ्या व्हायच्या. मी चिडायचो. "बाई, गिऱ्हाईक आपल्याला माहीत करून घ्यायला विचारतं. आपणच माहीत नाही म्हणायचं?"

"माहीत नाही हेसुद्धा उत्तर असतं, सर. खिडकीवर बसून शिकले. बापाचं नाव माहीत नाही म्हणणारी बाई यायची. तिच्यापुढे मी काय लिहायचं? मला सुचेल ते?"

आता त्या रकान्यांविषयी सांगितलं पाहिजे, कारण ते माझे होते. वंशावळीचा फॉर्म मी तयार केला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुकही केलं होतं. नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव, आडनाव. आपल्याकडच्या रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत असेच तीन रकाने असतात, आणि माझा हात ते आखताना क्षणभरही थांबला नाही. अमेरिकन माणसाचं मधलं नाव आलं की आमची मुलं ते सरळ दुसऱ्या रकान्यात टाकायची. कित्येक महिने हे चाललं होतं.

बाईंनी ते पकडलं. "सर, यांच्यात मधलं नाव बापाचं नसतं, नवऱ्याचंही नसतं. कुणाचंही असतं. पाद्र्याचं, मावशीचं. पुष्कळ बायकांचं माहेरचं आडनावच मध्ये बसलेलं असतं."

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलेलं होतं. पण रकाने आखणारा हात वेगळा आणि पुस्तक वाचणारं डोकं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि कळल्याबरोबर मी पहिला विचार काय केला? शेकडो वंशावळी उघडाव्या लागतील, आणि साहेबांना सांगावं लागेल की फॉर्म चुकला.

"बघू," मी म्हणालो. "सध्याचा लॉट जाऊ दे."

त्याच सुमारास मी घरून आमचा कुलवृत्तांत ऑफिसात आणला होता. जाडजूड, कापडी बांधणीचा ग्रंथ. वंशावळ म्हणजे काय हे पोरांना कळावं म्हणून आणला असं मी सांगत होतो. खरं तर मला तो दाखवायचा होता. चौदा पिढ्या, झाडासारख्या फांद्या, प्रत्येक पानावर घराण्यातल्या पुरुषांची नावं. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी हात धुऊन, पुसून तो उघडला आणि बराच वेळ चाळला.

"सर, तुमच्या आजीचं माहेर कुठलं?"

मी पान काढलं. आजोबांच्या नावापुढे 'पत्नी लक्ष्मी' एवढंच होतं. लक्ष्मी हे तिचं लग्नातलं नाव, एवढं मला माहीत होतं. आधीचं नाव माहीत नव्हतं.

"चौदा पिढ्या पुरुषांनीच काढल्या म्हणा," बाई म्हणाल्या आणि ग्रंथ मिटून माझ्या हातात दिला.

पोरं खो-खो हसली. मीही हसलो. मग बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईचंही तसंच आहे हो. लग्नात नाव बदललं, नंतर आम्ही बौद्ध झालो तेव्हा तिनं ते आणखी एकदा बदलून घेतलं. ते तिसरं तिनं स्वतः निवडलं होतं. पण पहिलं कुठलं, ते मामालासुद्धा आठवत नाही. इतक्या लोकांच्या नोंदी केल्या मी." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. तेव्हा मी काही तरी बोलायला हवं होतं. पण पोरांचं हसणं अजून माझ्या कानात होतं.

लिडियाची फाइल त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी आली.

अमेरिकेतल्या एका वृद्ध बाईंना आपल्या खापरपणजीचं माहेर शोधायचं होतं. लिडिया हार्पर बोवेन. नवरा वारल्यावर, मुलं घेऊन, बैलगाडीतून नेब्रास्काच्या गवताळ माळावर गेलेली. सरकारकडून जमीन घेऊन पाच वर्षं कसली तर ती नावावर व्हायची, त्या काळातली. माळावर झाड नाही, म्हणून गवताळ मातीचे ठोकळे कापून त्यांचं घर रचलेलं. वृद्ध बाईंच्या पत्रात एकच प्रश्न होता: ती कुणाची मुलगी?

बाईंनी ही फाइल मागून घेतली. दोन दिवस त्या लिडियाशिवाय कशावर बोलल्या नाहीत. जमीन नावावर करताना शेजाऱ्यांनी दिलेल्या साक्षी त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवल्या. घर चौदा फूट बाय सोळा. एक खिडकी. विहीर एक. नांगरलेली जमीन बावीस एकर. "आणि खानेसुमारीवाल्यानं हिचा व्यवसाय काय लिहिलाय? घरकाम! बावीस एकर नांगरून घरकाम! आमच्या लोणी काळभोरच्या आत्याचं असंच. जन्मभर उसात राबली, आणि कागदावर गृहिणी."

नवऱ्याचं नाव कुठेच सापडेना. साक्षींत ती फक्त विधवा होती. आणि दफनाच्या वहीत एक ओळ होती: हार्पर बोवेन. पुढे वयाच्या जागी शाईचा डाग.

बाईंनी पतीच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहून शीट माझ्याकडे पाठवली. मी शीट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो.

"बाई, ही विधवा. मधलं नाव हार्पर. हार्पर बोवेन नावाचा माणूस त्याच गावात पुरलेला. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"वय."

"वय पुसलंय."

"म्हणूनच. मुलगाही असेल. तिकडे बायका पहिल्या मुलाला माहेरचं आडनाव ठेवतात. मला वाटतं हार्पर हेच हिचं माहेर आहे सर. त्या आजी विचारतायत ते उत्तर नावातच बसलंय. पण वय सापडेपर्यंत मी लिहिणार नाही. चार दिवस द्या."

"चार दिवस नाहीत. इतिहास मी शिकलोय, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "ग्रंथ पाहिला ना मी."

मी जागेवर गेलो. 'माहीत नाही' पुसलं. पतीचे नाव: हार्पर. सही केली आणि वंशावळ पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वृद्ध बाईंनी फार रागानं लिहिलं नव्हतं, तेच जास्त लागलं. हार्पर हा लिडियाचा थोरला मुलगा. माळावरच्या एका हिमवादळात गुरं आणायला गेला, तो जिवंत परत आला नाही. घरात अजून त्याच्याविषयी बोलतात. तुम्ही माझ्या खापरपणजीचं तिच्या मेलेल्या मुलाशी लग्न लावलंत, असं त्यांनी लिहिलं होतं.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सकाळचे अकरा वाजले असतील. काचेपलीकडे सगळं ऑफिस काम करत असल्याचं दाखवत होतं.

"ही शीट कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. शीटवर त्यांची आद्याक्षरं होती.

"हा नवऱ्याचा रकाना?"

"मी तिथे 'माहीत नाही' लिहिलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. फक्त एकदा, आणि त्यात राग नव्हता. दार उघडून धरलेलं माणूस पाहतं तसं.

मी म्हणालो, "आपल्या फॉर्मात 'माहीत नाही' चालत नाही, सर."

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते वाक्य मी किती वेळा मनात तपासून पाहिलंय, आणि दर वेळी ते खरंच निघतं. साहेबांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, की बाईंनीच तिथे हार्पर भरलं, आणि मी घेऊ दिला.

बाई बाहेर गेल्यावर साहेब मला म्हणाले, "चूक आपलीच. सरकारी खात्यात यांची भरती कशी होते, माहितीये ना तुम्हाला?"

मी मान हलवली. होकारार्थी. बाईंविषयी लिहायचं तर हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुपारपर्यंत बाईंनी टेबल आवरलं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता काही तरी ऐकावं लागणार. मी तयारच होतो, एका परीनं वाटही पाहत होतो.

"सर, त्या आजींना पत्र लिहा. हार्पर हे माहेरचं नाव आहे म्हणून. तो मुलगा निघाला, म्हणजे आता पक्कं झालं. त्यांना उत्तर मिळू दे."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. लिहायचं तर मला इतके दिवस काय माहीत होतं आणि कुणाकडून, हेही लिहावं लागलं असतं. कंपनीनं छापील माफीपत्र पाठवून फाइल बंद केली. दोन महिन्यांनी मी फॉर्ममधला रकाना गुपचूप बदलला. 'मधले नाव' असा केला. साहेबांनी त्याचंही कौतुक केलं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी बाई एकदाच भेटल्या. गुंजन चौकात बसची वाट पाहत होतो. त्या भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मी एका टपरीच्या आड सरकलो. मोठा माणूस, हातात ऑफिसची बॅग, आणि टपरीआड. बाई सरळ तिथेच आल्या.

"काय सर, बरे आहात ना?"

"हो, तुम्ही?"

"डोळे जरा कमी झालेत. बाकी ठीक." मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "त्या आजींना पत्र लिहिलंत का हो?"

"लिहिलं ना," मी म्हणालो. "तेव्हाच."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बस आली बघा तुमची."

गेल्या वर्षी मला त्यांच्या मुलीचा फोन आला. आईच्या डायरीत माझा नंबर होता. बाई गेल्या होत्या, रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. "तुम्ही याल का? तिच्या त्या ऑफिसातलं दुसरं कुणी आम्हाला माहीत नाही." मुलगी एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, वाघोलीला राहायची. आवाज थेट आईचा.

येरवड्याला बाईंच्या गल्लीत मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं खुर्च्यांवर बसलेली. वंदना होऊन गेली होती आणि एकेक जण उठून आठवणी सांगत होता. मुलीनं मला आधी आत नेलं.

आतल्या खोलीत भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली एक लहान, चौकटीतला फोटो होता. मातीच्या ठोकळ्यांचं बुटकं घर, त्यापुढे खुर्चीवर बसलेली एक काटक गोरी बाई, हात मांडीवर. मी तो पाहतोय हे पाहून मुलगी थोडीशी हसली. "शेजारीपाजारी विचारायचे, ही कोण तुमची? आई म्हणायची, आमच्या ऑफिसातली."

मग तिनं एक पाकीट दाखवलं. बाईंनी त्या अमेरिकन आजींना स्वतःच पत्र लिहिलं होतं. पत्ता फाइलीतून पाठ केलेला असणार. लिहिलेल्या पत्राची नक्कल होती: जपून लिहिलेलं, शब्दकोशातलं इंग्रजी. आमच्या ऑफिसकडून चूक झाली, तिची मी क्षमा मागते. हार्पर हे लिडियाबाईंचं माहेर असावं. खानेसुमारीत त्यांचा जन्म ओहायोतला लिहिलाय; तिथे हार्पर घराणी आहेत, तिथल्या चर्चच्या वह्यांत शोधा. सोबत उत्तर होतं. सापडलं होतं. लिडियाच्या आईबापांची नावं, तिच्या जन्माची नोंद, आणि हा फोटो. आजींनी लिहिलं होतं, आमच्या घरात आता तुमचं नावही आम्ही घेतो.

उत्तरावरची तारीख मी पाहिली. गुंजन चौकातल्या भेटीच्या दोन वर्षं आधीची. बाईंनी मला पत्राविषयी विचारलं तेव्हा हे पाकीट या कपाटात होतं.

"एक विचारू?" मुलगी म्हणाली. "आईला चुकीसाठी काढलं, हे गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. बाबा तर म्हणाले, एवढी वर्षं सरकारी वह्या लिहिल्या आणि इथे कशी चुकलीस? ती काहीच बोलायची नाही. नंतर कुणी फॉर्म भरून घ्यायला आलं तर म्हणायची, दुसऱ्याकडून घ्या. आधी सगळी गल्ली तिच्याकडे यायची. तुम्ही होता तिथे. चूक तिची होती का?"

"नाही," मी म्हणालो. "माझी होती. त्यांनी बरोबर लिहिलं होतं. मी पुसलं. आणि साहेबांसमोर गप्प बसलो."

पाकीट तिनं हळूच माझ्या हातातून काढून घेतलं, कपाटात ठेवलं, कपाट लावलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला जायला सांगेल. मला ते चाललं असतं.

"मला सांगून काय करू मी?" ती शेवटी म्हणाली. "मला माहीतच होतं, ती चुकणार नाही म्हणून. बाहेर बसलेत त्यांना सांगा."

बाहेर सूत्रसंचालन करणारे गृहस्थ माझंच नाव पुकारत होते. बाईंच्या ऑफिसातले साहेब दोन शब्द बोलतील, असं म्हणत होते. मुलगी माझ्यामागून आली आणि दाराशी उभी राहिली.

माइक हातात घेतल्यावर मी आधी बाईंच्या अक्षरवाचनाविषयी बोललो. लोक माना डोलावत होते. ते सोपं होतं, आणि तसंच बोलत राहता आलं असतं. मग मी ते सांगितलं. तीन-चार वाक्यांतच सांगितलं, खाली बघून, आणि माइक तोंडापासून कधी लांब गेला ते मला कळलं नाही.

पुढच्या रांगेत एक खूप म्हातारी बाई बसली होती. तिनं कानामागे हात धरला.

"काय म्हणतायत? कुणाची चूक?" ती शेजारणीला म्हणाली, आणि मग मलाच. "ऐकू आलं न्हाई बाबा. मोठ्यानं सांगा की."

मी माइक जवळ घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.